सल्फाइड आधी संपलं पाहिजे

लोटे गावच्या कारखान्यात नोकरीला लागून सहा महिने झाले आणि माझ्या पायातले चांदीचे पैंजण काळे ठिक्कर पडले. चिपळूणच्या सोनाराकडे उजळायला नेले, तर त्याने ते हातात घेऊन उलटसुलट बघितले, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसता की काय दिवसभर?" मी म्हटलं, लोट्याला केमिकल कंपनीत आहे, प्रयोगशाळेत. त्यावर त्याने उजळणावळ दोन रुपये जास्त सांगितली. मी ते तसेच परत आणले. वेळणेश्वरला घरी गेल्यावर आईने ते पैंजण पाहिले नसते तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "चांदीचं हे होतं, तर आत माणसाचं काय होत असेल?" पुढे कितीतरी दिवस झोपताना मला तिचं ते वाक्य आठवायचं.

मी जात्याच घाबरट. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, एस.टी.त बसल्यावर पाटी चुकली तर नाही ना म्हणून शेजारणीला विचारणार. रसायनशास्त्राची पदवी घेतली तेव्हा सगळ्यांच्या मते मी शाळेत शिकवायला हवं होतं. पण शाळांत जागा नव्हत्या आणि लोट्याला नव्या कंपन्या निघत होत्या. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. कंपनीची बस सकाळी चिपळुणातून निघायची, तीत बायका आम्ही दोघीच. दुसरी हिशेब खात्यातली होती, ती खुशाल डुलक्या काढायची आणि मी मनातल्या मनात आदल्या दिवशीचे आकडे पुन्हा तपासत बसायची. या स्वभावावर घरचे हसत, पण माझी सबंध नोकरी या भीतीच्या जोरावर निभावली असं मला वाटतं. ती भीती एका दिवशी मी गुंडाळून ठेवली होती. त्या दिवसाबद्दलच लिहायचं आहे.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडे एक माल व्हायचा. नाव लांबलचक आहे, सांगून उपयोग नाही. रंगाच्या कारखान्यांना जायचा. त्याला मुख्य दोन गोष्टी लागत. एक तेलासारखं दिसणारं द्रव रसायन, त्याला साहेबांपासून हेल्परपर्यंत सगळे नुसतं 'तेल' म्हणत. दुसरं सल्फाइड, म्हणजे गोणीतून येणाऱ्या पिवळट-तांबूस खपल्या. केटल नावाच्या मोठ्या बंद लोखंडी भांड्यात तेल आणि पाणी घ्यायचं, वरच्या तोंडातून सल्फाइड सोडायचं, तोंड बंद करून चार तास गरम ठेवत ढवळायचं, आणि शेवटी माल धुऊन घ्यायला त्यात ॲसिड सोडायचं.

आता मोदकांचा विचार करा. समजा उकड एकवीस मोदकांची काढली आणि सारण सतराच मोदकांना पुरलं. मोदक किती होणार? सतराच. उकड कितीही मऊसूत असो, सारण संपलं की मोदक थांबले. जे आधी संपतं ते ठरवतं किती होणार. पुस्तकात याला 'मर्यादाकारी अभिक्रियाकारक' असं नाव आहे. ते न अडखळता म्हणता आलं तर अर्धे गुण तिथेच द्यावेत. उरलेल्या उकडीत आई मिरची-जिरं घालून निवगऱ्या करायची, आणि खरं सांगायचं तर मला मोदकांपेक्षा त्याच आवडायच्या.

घरात काय उरलं याने काही बिघडत नाही. केटलमध्ये बिघडतं. तेल उरलं तर त्या आमच्या निवगऱ्या. वाफेबरोबर काढून पुढच्या बॅचला वापरता येई. सल्फाइड उरलं आणि त्यावर ॲसिड पडलं, तर मात्र सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. माझे पैंजण काळे करणारा तोच, तो मात्र नखभर. थोडा असला की माणूस नाक दाबून शिव्या देतो. जास्त असला की आधी नाकच बधिर करतो. वास येतोय तोवर पळायला वेळ आहे. वास गेला, बरं वाटलं, असं म्हणणारा माणूस पुढची पायरी उतरेलच असं नाही. म्हणून आमच्या मापात तेल मुद्दाम थोडं चढं धरलेलं असे. "सल्फाइड आधी संपलं पाहिजे." आमच्या इनामदार साहेबांनी पहिल्या दिवशी हे वाक्य माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. साहेब सांगलीकडचे, प्लांटचे प्रमुख, आवाज मोठा, मन वाईट नव्हतं.

ते संपलं की नाही हे बघणं माझं काम. चार तास झाले की केटलमधला नमुना बाटलीत घ्यायचा, प्रयोगशाळेत यायचं, शिशाच्या क्षारात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्टीवर त्याचा थेंब टाकायचा. कागद पांढरा राहिला तर सल्फाइड संपलं. काळा पडला तर आहे. एवढं सोपं. पांढरा असेल तर बॅचच्या कार्डावर दुसऱ्या रकान्यात सही करायची. पहिला रकाना 'माल भरला', दुसरा 'सल्फाइड संपलं'. दुसरी सही झाल्याशिवाय ॲसिडचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही असा नियम होता.

केटलवर भागोजीदादा असत. खेडच्या पलीकडे डोंगरातल्या गावचे, पन्नाशीचे, घरची थोडी भातशेती, दोन मुलगे मुंबईला. कारखाना निघाला तेव्हा इमारतीच्या पायाचे चिरे वाहायला आले आणि मग तिथेच राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यामुळे सही झालेलं कार्ड खाली पाठवलं तरी ते व्हॉल्व्हला हात लावत नसत. "बाय, कागद दाखवा," म्हणत. मग मी ती पट्टी घेऊन जांभ्याच्या पायऱ्या उतरून केटलपर्यंत जायची, ते पट्टी दाराशी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघायचे, आणि मग म्हणायचे, "हां. आता सोडताव." मला याचं हसू यायचं, थोडा कंटाळाही. नियमाप्रमाणे सही पुरेशी होती. पण वडीलधारा माणूस, म्हणून मी उतरायची.

त्या वर्षी आषाढ-श्रावणात पाऊस थांबायलाच तयार नव्हता. घरातल्या बरणीतलं मीठ पाणावलं होतं, त्यावरून मला सुचलं की गोदामातल्या सल्फाइडचीही तीच गत झाली असेल. ते हवेतली ओल मिठापेक्षा हावरटासारखं पितं. तपासून बघितलं तर खरंच. अकरा गोण्यांत माल दहा गोण्यांचा, बाकी पाणी. म्हणजे दहा गोण्या मोजून टाकतो तेव्हा आपण खरं तर नऊच टाकतो. मला कोण आनंद झाला! मी साहेबांकडे कागद घेऊन गेले आणि सुचवलं की पावसाळ्यात दहाच्या जागी अकरा गोण्या धराव्यात. साहेब खूश झाले. "वैद्यबाई, हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" असं चार लोकांसमोर म्हणाले.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तपासताना मी जुनी रजिस्टरं काढली होती. सल्फाइड दरवर्षी पावसाळ्यात कमी पडत असेल तर पावसाळ्यातल्या बॅचचा उताराही कमी दिसायला हवा. तो दिसत नव्हता. मे महिन्यात जेवढा माल निघे तेवढाच ऑगस्टात. हे बघून मी थबकले होते. एरवी कुलूप तीनदा ओढणारी मी, पण तेव्हा शाबासकी इतकी जवळ दिसत होती की मी स्वतःला सांगितलं, असेल काहीतरी, वजनकाटा ढिला असेल. आणि रजिस्टर मिटलं.

अकरा गोण्यांची पहिली बॅच लागली ती नेमकी गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी. कोकणात त्या दिवशी कारखाना चालू ठेवणं हेच मुळात धाडस. अर्धे लोक रजेवर, उरलेल्यांचं चित्त घरी. बॅच संपवून तीनच्या ठोक्याला प्लांट बंद करायचा, सव्वातीनला बस, असं ठरलं होतं. भागोजीदादांचे मुलगे सकाळीच मुंबईहून पोचणार होते. मूर्तीचा पाट महिन्यापूर्वीच गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, देऊन ठेवला होता आणि संध्याकाळी मूर्ती घरी आणायची होती. मूर्ती डोक्यावर घेऊन यायचा मान त्यांचा. सकाळी गोण्या सोडताना ते मला हे दोनदा सांगून झाले होते.

दुपारी बाराला मी पहिल्या रकान्यात सही करायला खाली गेले. गोण्या भरून झाल्या होत्या, केटल तापली होती, सगळं ठीक. सही केली, आणि तिथेच, त्याच पेनाने, दुसऱ्या रकान्यातही करून टाकली. कारण एवढंच की दुपारी नमुना नेल्यावर पुन्हा चिखलातून खालवर नको, पट्टी कुणाच्याही हाती पाठवता येईल, वेळ वाचेल, आणि कागद दर वेळी पांढराच तर राहतो. नमुना मी घेणार होतेच. सही फक्त आधी केली. कार्ड केटलजवळच्या खिळ्याला अडकवलं आणि जेवायला गेले.

दीडला नमुना घेऊन वर आले. थेंब टाकला. कागद काळा पडला.

तपकिरी नाही, करडा नाही, तव्याच्या बुडासारखा काळा. मी दुसरी पट्टी घेतली. काळी. पट्ट्याच खराब झाल्या असतील म्हणून एकीवर साध्या पाण्याचा थेंब टाकला. ती पांढरीच राहिली. तेव्हा मला खिळ्याला अडकवलेलं कार्ड आठवलं. त्यावरच्या दोन सह्या आठवल्या. साहेब दोनच्या सुमाराला प्लांटमध्ये फेरी मारतात हेही आठवलं. पायऱ्या मी कशा उतरले ते सांगता येणार नाही. शेवाळावरून एकदा बसकण मारली, पट्टी हातातून सोडली नाही. धावताना मी सारखा वास घेत होते, आणि वास येत नव्हता. वास न येणं याचे दोन अर्थ होतात हे मला ठाऊक होतं, म्हणून जीव आणखीच घाबरा झाला.

आत साहेबांचा आवाज चढला होता. "अरे, सही आहे ना कार्डावर! पावणेदोन वाजून गेले. सगळी माणसं घरी जायची थांबलीत तुझ्यापायी!"

भागोजीदादा ॲसिडच्या व्हॉल्व्हपाशी उभे होते. चाकावर त्यांचे दोन्ही हात होते. क्षणभर मला वाटलं, संपलं. मग लक्षात आलं की ते चाक फिरवत नव्हते, दुसऱ्या कुणी फिरवू नये म्हणून धरून उभे होते.

"सही असंल साहेब," ते खाली मान घालून म्हणत होते, "पण कागद आला नाय."

मी ती काळी पट्टी दोघांच्या मध्ये धरली. साहेबांनी पट्टी बघितली, कार्ड बघितलं, मग मला बघितलं. त्या नजरेतून मी अजूनही पुरती सुटलेले नाही. त्यांच्या मागे आणखी तीन माणसं उभी होती, पिशव्या घेऊन, बसची वाट बघत. वायूचे मुखवटे कपाटात होते आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खोलीत.

पुढचा प्रश्न असा होता की सल्फाइड संपायचं आहे, की उरलं आहे? संपायचं असेल तर नुसतं थांबलं की झालं. उरलं असेल तर वर्षभर ढवळलं तरी ते जाणार नाही, कारण ज्याच्याशी त्याचं लग्न लागायचं ते तेलच संपलेलं असणार. साहेबांचं म्हणणं पडलं, थांबू, होईल. अर्ध्या तासाने पुन्हा नमुना घेतला. तेवढाच काळा. माझ्या हिशेबाने हे शक्यच नव्हतं. अकरा ओल्या गोण्या म्हणजे दहा कोरड्या, आणि तेल साडेदहांना पुरेल एवढं. सल्फाइड उरणार कुठून?

मी रिकाम्या गोण्या मोजल्या. भागोजीदादा त्या बॅच संपेपर्यंत नीट घड्या करून ठेवत. अकरा होत्या. बरोबर. मग कोपऱ्यात प्लॅस्टिकखाली आणखी एक गोणी दिसली, जवळजवळ रिकामी, आणि तिच्यावर पत्र्याचा कापलेला एक डबा पालथा घातलेला.

"भागोजीदादा, ही कसली गोणी?"

"ही व्हय? ही घटीची."

"घटीची म्हणजे?"

ते माझ्याकडे बघतच राहिले, एवढंही हिला माहीत नाही म्हणून. "बाय, पावसाचा माल वला नाय का? वला भात मापताना वलीची घट धरतात. गोणीमागं एक अधोली. आमच्या बापसानं शिकवलान तसा. पावसात मी कायम टाकतो. ऊन पडला का बंद." अधोली म्हणजे अर्धी पायली, भात मोजायचं माप. त्या कापलेल्या डब्याला त्यांनी तेच नाव ठेवलं होतं.

मी खाली बसले आणि कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. दहा गोण्यांमागे दहा डबे म्हणजे साधारण एक गोणी. म्हणजे दर पावसाळ्यात केटलमध्ये अकराच ओल्या गोण्या जात होत्या, जेवढ्या जायला हव्यात तेवढ्याच. रजिस्टरमध्ये उतारा कमी का झाला नाही याचं उत्तर तो पालथा डबा होता. प्रयोगशाळेला जे ठाऊक नव्हतं ते या माणसाने हाताच्या अंदाजाने, न बोलता, वर्षानुवर्षं भरून काढलं होतं. मग मी आले, मीही ओलीची घट धरली, कुणाला विचारलं नाही, आणि त्याच ओलीसाठी दोनदा माप पडलं. बारा ओल्या गोण्या, म्हणजे कोरड्या जवळजवळ अकरा. सारण अकराचं, उकड साडेदहाची. उरलेलं सल्फाइड त्या शेडमधल्या आम्हा सगळ्यांना पुरून उरलं असतं.

उपाय सोपा होता. केटलमध्ये आणखी तेल सोडायचं, म्हणजे उरलेल्याला जोडीदार मिळेल. किती सोडायचं ते मी तीनदा काढलं, तिन्ही वेळा एकच उत्तर आलं आणि तरी चौथ्यांदा काढलं. मग त्यावर थोडं जास्त धरलं. निवगऱ्या झाल्या तर होऊ देत. साहेबांनी तेलाच्या किमतीबद्दल चकार शब्द काढला नाही, स्वतः पिंप ढकलत आणलं. सव्वातीनला बसने भोंगा दिला. माणसं गेली. भागोजीदादांची पाळी संपली होती, त्यांनी जायला हरकत नव्हती. त्यांनी बसमधल्या गाववाल्याला दाराशी बोलावून सांगितलं, "पोरांना सांग, मूर्ती तुमीच घेऊन या. माजी वाट बघू नका."

मी म्हटलं, "दादा, तुम्ही जा. साहेब आहेत, मी आहे."

"तुमी कागद बघणार," ते म्हणाले, "पण चाकाव कोण ऱ्हाणार?"

चारला पट्टी गडद तपकिरी आली. पावणेपाचला चहाच्या रंगाची. मधल्या वेळात आम्ही तिघं दाराशी बसून होतो. मला सारखं वाटत होतं की मी चुकीचं काढलंय, आता पट्टी इथेच अडकणार. साहेब उठून घड्याळ बघत आणि परत बसत. भागोजीदादा मात्र केटलच्या ढवळणीच्या आवाजाकडे कान देऊन, जागचे हलले नाहीत. पावणेसहाला थेंब टाकला, दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं. कागद पांढरा राहिला. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी दाराबाहेर उजेडात नेला, दोन्ही बाजूंनी बघितला, आणि मग ॲसिड सोडलं. रोज येतो त्याहून जराही जास्त वास आला नाही. मी मात्र केटलमागे जाऊन रडले, ते रडणं सुटकेचं होतं की लाजेचं ते मलाही कळलं नाही.

साहेबांनी जीपने भागोजीदादांना खेडपर्यंत सोडलं. शेवटची एस.टी. गेली होती, पुढचं अंतर ते पावसात चालत गेले, असं नंतर कळलं. मूर्ती मुलांनी आणली होती. घरात गणपती बसायला लागल्यापासून त्यांच्याशिवाय मूर्ती उंबऱ्याच्या आत आलेली ती पहिलीच वेळ.

सुट्टीनंतर कामावर आले तेव्हा साहेबांनी मला खोलीत बोलावलं. मी सगळं सांगायचं ठरवून गेले होते. सही आधी केली, ते चूक झालं, असं मी म्हणाले देखील. साहेब म्हणाले, "ते कार्ड मी फाडून टाकलं. नवीन लिहिलंय, त्यावर योग्य वेळेची सही कर. तुझी नोकरी नवी आहे. तू गप्प बस." मी नव्या कार्डावर सही केली आणि गप्प बसले. मनातून हायसं वाटलं, हे लिहायला आजही जड जातं.

त्यानंतर चार दिवसांनी भागोजीदादा प्रयोगशाळेच्या दाराशी आले. आत यायचे नाहीत, चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभे राहायचे. हातात एक लिफाफा होता. "कंपनीचं पत्र आलाय. जरा वाचून दाखवता?"

मी वाचलं. परवानगीशिवाय जादा माल केटलमध्ये घातल्याबद्दल त्यांना ताकीद दिली होती. पुन्हा असं झालं तर कामावरून कमी करण्यात येईल, असंही होतं. एकेक शब्द मी जसा होता तसा वाचला. गाळायची इच्छा झाली होती, पण माझ्यावर विश्वास टाकून आलेल्या माणसाला खोटं वाचून दाखवणं माझ्याच्याने झालं नाही. ते शांतपणे ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "आनी सहीचं काय लिवलाय?"

"कुठल्या सहीचं?"

"तुमच्या. त्या दिवशी दुपारीच दोन व्हत्या कार्डाव. रोज बाराला एक असते." त्यांनी नजर माझ्यावरून काढून घेतली. "वाचाया येत नाय मना, पण तुमची सही मी वळखतो. शेवटाला शेपूट असते तिला."

म्हणजे त्यांना बारापासून ठाऊक होतं. साहेबांच्या तोंडावर त्यांनी ते सांगितलं नव्हतं, चाक धरून शिव्या खाल्ल्या होत्या. मी म्हटलं, "त्यात सहीचं काही लिहिलेलं नाही."

"मग बरा झाला," ते म्हणाले. पत्राची घडी केली, खिशात घातली आणि पायऱ्या उतरून गेले. मी त्यांच्यामागे गेले नाही. साहेबांच्या खोलीतही गेले नाही. पुढे बढत्या मिळाल्या, पावसाळ्यात सल्फाइडची ताकद तपासून गोण्या ठरवायची पद्धत कारखान्यात कायम झाली आणि तिला माझंच नाव चिकटलं. डबा पत्राच्या दुसऱ्याच दिवशी भंगारात गेला होता. ते पत्र त्यांच्या फायलीत निवृत्तीपर्यंत राहिलं. मी नंतर अधिकारी झाले तेव्हा ते काढून टाकू शकले असते, पण त्यासाठी कारण लिहावं लागलं असतं.

पत्र वाचून दाखवलं त्याच आठवड्यात पुढची बॅच लागली. गोण्या माझ्या आकड्याप्रमाणे अकरा, जादा काही नाही. दुपारी थेंब टाकला, कागद पांढरा राहिला. दुसरा रकाना कोरा ठेवून मी कार्ड आणि पट्टी घेऊन खाली गेले. त्यांनी पट्टी दाराशी नेऊन नेहमीसारखी बघितली. मग कार्ड माझ्या हातातून घेतलं, केटलच्या कठड्यावर सपाट ठेवलं आणि ओलं होऊ नये म्हणून वर आडवा हात धरला.

"आता करा सही," ते म्हणाले.

मी केली. एकेक अक्षर सावकाश काढलं, त्यामुळे शेपूट नेहमीसारखी आली नाही. भागोजीदादांनी ती बराच वेळ निरखून बघितली, आणि मगच जाऊन चाक फिरवलं.